तालमीविना तालीम

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत एक शब्द सारखाच आहे, पण त्याने दोन ठिकाणी दोन संसार थाटले आहेत. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण; मराठीत 'तालीम' म्हणजे कुस्तीचा आखाडा. मूळ शब्द अरबी, अर्थ शिकवणे. आपल्या मोहल्ल्यात तो पाटी-दप्तरात बसला आणि कोल्हापूर-सांगलीच्या पेठांत लंगोट कसून लाल मातीत उतरला. तिकडे उस्तादाचा वस्ताद झाला. पैलवान, कसरत, तालीम, वस्ताद हे सारे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथे मुरले. शब्द राहिले, वस्तू मात्र आपल्या वस्तीतून उठून गेली. उर्दू शाळांत आज तालमीविना तालीम चालू आहे, आणि आमचे भांडण याच गोष्टीशी आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. भीती, संताप आणि न्यूनगंड या तीन दुखण्यांनी आपली तरुण पिढी आतून पोखरली जात आहे. या दुखण्यांवर भाषणाचा उतारा चालत नाही. मनाला बळ यायचे तर अंगातून घाम गळावा लागतो आणि हातून काहीतरी घडावे लागते. मैदान आणि छंद ही खात्यापित्या घरची चैन आहे, हा समज खोटा आहे. ज्यांच्याजवळ दुसरे फारसे काही नाही त्यांची ती पहिली गरज आहे. आणि ही गरज नाकारणारे बाहेरचे थोडे, आपल्यातले जास्त आहेत, म्हणून हे आपल्याच वार्षिकात लिहिले पाहिजे.

आम्ही उर्दू माध्यमात शिकवणारी माणसे. 'सर्वांगीण विकास' हे शब्द बी.एड.च्या उत्तरपत्रिकेत आम्ही किती वेळा लिहिले याची गणती नाही. प्रत्यक्ष शाळेत त्या सर्वांगापैकी एकच अंग उरते, ते म्हणजे घोकणारे डोके. वेळापत्रकात शारीरिक शिक्षण, चित्रकला, कार्यानुभव यांचे तास छापलेले असतात. जानेवारी उजाडला की हे तास गणित आणि विज्ञान गिळून टाकतात. संस्थेला निकाल हवा असतो, पालकांना निकाल हवा असतो. निकालाचा टक्का फाटकावरच्या फलकावर लिहिता येतो. मूल हरल्यावर पुन्हा उठून उभे राहायला शिकले की नाही, याचा फलक कोणत्या फाटकावर लावतात?

मग व्हायचे ते होते. दहावीला दोन विषय गेले की पोरगा शाळेचे नाव टाकतो. कुणी गॅरेजमध्ये, कुणी भंगाराच्या गोदामात, कुणी कोपऱ्यावरच्या टपरीपाशी गुटख्याची पुडी आणि मोबाइल घेऊन. त्या मोबाइलवर कुणीतरी मुद्दाम चिडवणारा मजकूर टाकतो, आणि ज्याने आयुष्यात कधी सामना हरून समोरच्याशी हात मिळवलेला नाही असा हा पोरगा तासाभरात रस्त्यावर येतो. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. गुन्हा याच्यावर दाखल होतो, चिथावणारा आपल्या घरी निवांत झोपतो आणि याची अम्मी वकिलाच्या पायऱ्या झिजवते. आतून दुबळा माणूस लवकर भडकतो. ज्याच्यात खरे बळ असते त्याला भडकवणे महागात पडते, आणि चिथावणी देणाऱ्यांना हे चांगले कळते.

रसूलुल्लाह (स.) यांनी बलवान कोण हे सांगताना कुस्तीचीच उपमा घेतली होती. दुसऱ्याला लोळवणारा बलवान नव्हे, तर रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा बलवान, असा बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या हदीसचा आशय आहे. जुम्म्याच्या बयानात ही हदीस आपण अनेकदा ऐकतो. पण आवरायला शिकायचे कुठे? केवळ ऐकून ते येत नाही. तालमीत नवा पोरगा आला की पहिले कित्येक महिने तो पाठीवरच असतो. त्याला रोज कुणीतरी चीत करतो. तो उठतो, अंगाची माती झाडतो, वस्तादाच्या पाया पडतो किंवा सलाम करतो आणि पुन्हा हात धरतो. शंभर वेळा चीत झालेला गडी कुणाच्या एका शिवीने पेटून उठत नाही. आपण हरलो तरी संपत नाही, हे त्याच्या हाडांना ठाऊक झालेले असते. हे ज्ञान पुस्तकाच्या कोणत्या धड्यात आहे ते आम्हाला कुणी दाखवावे.

येथे पहिला आक्षेप येतो तो दीनच्या नावाने. खेळ हा 'लहव' आहे, वेळेचा अपव्यय आहे, मोमिनाला ते शोभत नाही, असे काही जण सांगतात. आम्ही आलिम नाही, फतवा देण्याचा आमचा अधिकार नाही. पण जे हदीसच्या संग्रहांत लिहिलेले आहे ते वाचण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर रसूलुल्लाह (स.) धावण्याची शर्यत लावत, एकदा त्या जिंकल्या, पुढे एकदा ते जिंकले, अशी रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मदिनेच्या मस्जिदीत भाल्यांचे खेळ करत होते आणि हजरत आयेशा (रजि.) रसूलुल्लाहांच्या आडून ते पाहत होत्या, हे बुखारीत आहे. मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या जात, अंतरे ठरवून दिली जात, हेही बुखारीत आहे. दुर्बल मोमिनापेक्षा बलवान मोमिन अल्लाहला अधिक प्रिय आहे, अशा आशयाची हदीस मुस्लिममध्ये आहे. जुगार लावून, नमाज बुडवून, कुणाची अब्रू घालवून खेळलेला खेळ कुणीच मागत नाही. पण मस्जिदीच्या अंगणात भाल्याचा खेळ चालू दिला गेला आणि आज आपल्या शाळेच्या अंगणात मुलीने लंगडी घालायची नाही, हा दीन कुठून आला?

दुसरा एक युक्तिवाद गोड आवाजात केला जातो: पाच वक्तांची नमाज हीच उत्तम कसरत आहे, वेगळ्या व्यायामाची गरज काय? नमाज ही इबादत आहे. तिला जोर-बैठकांच्या रांगेत बसवणे हा तिचाच मान कमी करणे आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांनी आपल्याला नमाज शिकवली ते स्वतः शर्यतीत धावले. त्यांना नमाज पुरत नव्हती असे कुणी म्हणेल काय?

महाराष्ट्रात पुस्तक, माती आणि कला एकत्र नांदल्याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. कोल्हापूरला ज्या शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम बोर्डिंगला आधार दिला, त्यांनीच १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभे केले. त्यांच्याच दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गात होते आणि त्यांच्याच आश्रयाने अबालाल रहिमान चित्रे काढत होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून आलेला हा कोल्हापूरचा मुसलमान कलावंत कोटितीर्थाच्या काठी बसून पाणी, झाडे आणि उजेड रंगवत राहिला. राजाला कळत होते की नुसत्या बोर्डिंगने समाज उभा राहत नाही. मुलाला राहायला खोली आणि वाचायला पुस्तक द्यावे, घाम गाळायला माती द्यावी आणि मान वर करून पाहावे असे काही कलेतले द्यावे. आजही कोल्हापुरात बाबूजमालसारख्या तालमीत पंजा बसतो आणि त्याच्या भेटीला सर्व जातिधर्मांची माणसे येतात. हा वारसा आपलाही आहे. आपल्या उर्दू शाळांच्या अभ्यासक्रमात तो का येत नाही?

आता कायद्याचे पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असले पाहिजे याची यादी आहे. त्यात मैदान आहे, ग्रंथालय आहे, खेळाचे साहित्य आहे. सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक नेमावेत, असेही आहे. म्हणजे चित्रकला आणि खेळ हे देशाच्या कायद्याने मुलाचे हक्क मानले. पुढे २०१४ च्या प्रमती खटल्याच्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या अधिनियमाबाहेर ठेवल्या. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आमचा प्रश्न आपल्या संस्थाचालकांना आहे. अल्पसंख्याक दर्जा संविधानाने दिला तो आपली भाषा, आपली संस्कृती, आपली मुले जपण्यासाठी. मैदान न देण्याची मुभा मिळावी म्हणून तो दिलेला नाही. ज्या संस्थेच्या आवारात लग्नाचा हॉल उभा राहतो, रस्त्याकडेला गाळ्यांची रांग उठते आणि मुलांना मधल्या सुट्टीत जिन्यावर उभे राहून डबा खावा लागतो, त्या संस्थेने अल्पसंख्याक हक्काची भाषा कोणत्या तोंडाने करावी? जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या उर्दू शाळांना तर हा अधिनियम लागूच आहे. तिथे मैदान का नाही, हे माहितीच्या अधिकारात एका अर्जावर विचारता येते. किती पालकांनी विचारले?

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. शाळा, नोकऱ्या, कर्जपुरवठा, वस्तीतल्या सोयी यांचे आकडे त्याने देशासमोर ठेवले आणि आपल्या सभा-संमेलनांना वीस वर्षे पुरतील इतके विषय दिले. ते आकडे महत्त्वाचेच आहेत. पण आपल्या वस्तीतल्या मुलांना धावायला किती चौरस फूट जागा आहे, याचा हिशेब सरकारने मागितला नाही आणि आपल्या पुढाऱ्यांनीही मांडला नाही. कारण मैदानाच्या मागणीवर निवडणूक जिंकता येत नाही. कबरस्तानाच्या भिंतीवर येते. मेलेल्यांच्या भिंतीइतकीच जिवंत मुलांच्या मैदानाची काळजी घेतली असती तर बरे झाले असते.

तिसरा आक्षेप गरिबीचा आणि तो प्रामाणिक आहे. 'पोटाला नाही तिथे छंद कसले?' असे यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा बाप विचारतो, तेव्हा त्याला उपदेश करण्याचा हक्क कुणालाही नाही. पण त्याचे उत्तर त्याच्याच शहराने देऊन ठेवले आहे. मालेगाव हे यंत्रमागाचे गाव. धूळ, खटाखट आणि तंग गल्ल्या. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. घोड्यांऐवजी सायकली धावल्या. पुढे तिथे विनोदी सिनेमांची एक परंपराच उभी राहिली. सप्टेंबर २००६ मध्ये शबे-बरातच्या दिवशी याच गावात कबरस्तानापाशी बॉम्बस्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली, आणि वर निरपराध पोरांना वर्षानुवर्षे तुरुंगात घातले गेले. पुढे ती न्यायालयातून सुटली. एखादे गाव यानंतर मुके झाले असते. मालेगावने थोड्याच काळात सुपरमॅनचा सिनेमा काढायला घेतला. मागावर राबणारा शफीक शेख नावाचा काटकुळा माणूस त्यात सुपरमॅन झाला आणि फैजा अहमद खान यांच्या माहितीपटामुळे ती गोष्ट जगभर गेली. हे हसणे बेफिकिरीचे नव्हते. कष्टाने आणि दहशतीने दबलेल्या माणसांनी स्वतःच्या हाताने काहीतरी घडवले आणि त्या घडवण्याने त्यांची पाठ ताठ ठेवली. मजुरीत माणूस दुसऱ्याच्या हुकमावर राबतो. छंदात तो स्वतःचा मालक असतो. दिवसातला अर्धा तास का होईना, ज्याला आपले मालक होता येते तो उरलेले तास गुलामासारखा वाकत नाही.

जे सुशिक्षित लोक छंदांना पोरकटपणा म्हणतात त्यांच्यासाठी दुसरे उदाहरण देतो, आणि तेही महाराष्ट्रातलेच. ९ ऑगस्ट १९४२ ला मौलाना अबुल कलाम आझाद यांना अटक झाली आणि अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. ते गाव आता अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते. कुरआनचा एवढा मोठा भाष्यकार, काँग्रेसचा अध्यक्ष. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते. अशा दिवसांत या माणसाने काय केले? पहाटे उठून स्वतःच्या हाताने चहा केला आणि त्या चहावर पानेच्या पाने लिहिली. खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांशी दोस्ती केली आणि त्यांची कहाणी लिहिली. किल्ल्याच्या उजाड अंगणात फुलांचे वाफे कसे तयार झाले ते लिहिले. तरुणपणी आपण सतार कशी शिकलो आणि संगीतावाचून आपले कसे चालत नाही, तेही लिहिले. ही पत्रे १९४६ साली 'गुबारे-खातिर' या नावाने छापून आली. आमच्या उर्दूच्या तासाला त्यातला चिमण्यांचा भाग आम्ही शिकवतो, आणि मुले शब्दार्थ पाठ करतात. त्या शब्दार्थांच्या मागे उभा असलेला माणूस मुलांना दाखवायला हवा: देश जळतो आहे, घरातून मौतीची खबर आली आहे, दार बाहेरून बंद आहे, आणि हा माणूस चिमणीच्या दाण्याचा हिशेब ठेवतो आहे. यालाच आम्ही आतले बळ म्हणतो. तुरुंगवासाने तो मोडला नाही याचे श्रेय त्याच्या ईमानला आहेच; पण त्या ईमानला सतार, चहा आणि चिमण्या यांची सोबत होती, हे लपवण्याचे कारण काय?

दुसरे मोठे नाव डॉ. झाकिर हुसैन यांचे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण देण्याची योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकिरसाहेब होते. त्या योजनेचे नावसुद्धा पाहा: नई तालीम. मूल हाताने काही घडवू लागले की त्याचे डोके आणि चारित्र्य दोन्ही घडते, हा तिचा पाया. पुढे राष्ट्रपती झालेला हा माणूस गुलाबांचा शौकीन होता, जीवाश्म आणि दगड गोळा करत असे. त्यांचा फोटो आपल्या शाळांच्या ऑफिसात लावलेला असतो. त्या फोटोखालीच कार्यानुभवाचा तास रद्द करण्याची सूचना निघते!

मुलींचा प्रश्न वेगळा काढून बोलले पाहिजे, कारण तिथे अन्याय दुप्पट आहे. पाचवीपर्यंत मुलगी धावते. सहावी-सातवीत ती मोठी झाली असे घरात ठरते आणि एक दिवस ती मैदानाच्या कडेला ओढणी सावरत उभी राहते. तिला कुणी मारत नाही, ओरडत नाही. फक्त 'आता बरं दिसत नाही' असे सांगितले जाते. तिथून तिचे शरीर तिच्यासाठी लाजेची वस्तू होते. पुढे विशी-तिशीत तिच्या गुडघ्यांचे दुखणे, तिचा मधुमेह, तिचे विनाकारण रडणे घेऊन घरचे दवाखाने हिंडतात. मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण देशात आहेत, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने सांगितले. त्यात आपल्या अम्मी-खाला किती असतील?

कपड्यांची सबब आता उरलेली नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये डोके झाकून खेळायला परवानगी दिली. ज्या मुलीला हिजाब घालायचा आहे ती तो घालून खेळू शकते. जिला नको आहे तिचा निर्णय तिचा. मुंब्र्यात 'परचम' संस्थेच्या मुली फुटबॉल खेळू लागल्या, आणि मुलींना खेळायला जागा द्या म्हणून सह्या गोळा करत हिंडल्या. शेजारच्या तेलंगणात निजामाबादची निखत जरीन २०२२ आणि २०२३ अशी दोन वर्षे मुष्टियुद्धात जगज्जेती झाली. तिच्याही घरी लोक काय म्हणतील हा प्रश्न आला होता. तिच्या वडिलांनी लोकांपेक्षा मुलीचे ऐकले. निखत जिंकली तेव्हा आपल्या वस्त्यांत मिठाई वाटली गेली. मिठाई खाणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसऱ्या दिवशी आपल्या मुलीला मैदानावर सोडले, एवढेच आम्ही विचारतो.

आणि चित्रकलेचे म्हणाल तर आपल्या मुलींच्या हातात ती आधीच आहे. चांदरातीला पंधरा वर्षांची पोरगी मेंदीचा कोन धरून बसते. खोडरबर नाही, कच्चे रेखाटन नाही. तळहातावर वेल सुरू होते आणि मनगटापाशी नेमकी वळते. दोन्ही हातांचा तोल बरोबर. एका रात्रीत ती दहा हात भरते. तीच मुलगी सकाळी शाळेत 'मला चित्र येत नाही' म्हणते, कारण तिच्या हाताला कला म्हणायला आपल्या शाळेने तिला कधी शिकवले नाही. तिला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसवा. त्या परीक्षांचे गुण दहावीत वाढून मिळतात, हे निकालवेड्या पालकांना सांगा म्हणजे ते तरी ऐकतील. सजीवांची चित्रे नकोत म्हणणाऱ्यांचा मान राखूनही खुशखत आहे, वेलबुट्टी आहे, भूमितीच्या जाळ्या आहेत. विजापूरच्या इब्राहिम रोजाच्या भिंती ज्यांनी कोरल्या त्यांना पशुपक्ष्यांची गरज पडली नाही.

बळाच्या नावाने जे चालू नये तेही सांगतो. आरशासमोर दंड फुगवणे, मोटारसायकल एका चाकावर चालवणे, गल्लीत दहशत बसवणे याला आम्ही बळ म्हणत नाही. दंगलीची तयारी म्हणून लाठी शिकवणारा कुणी भेटला तर त्याला मोहल्ल्याच्या वेशीवरून परत पाठवावे. मग तो कोणत्याही झेंड्याचा असो. आपली तालीम बंद दाराआड नको. ती उघड्यावर असावी, तिच्यात शेजारच्या मराठी शाळेची मुले यावीत, कबड्डीच्या एका संघात अस्लम आणि अमोल एकमेकांचे हात धरून साखळी करावीत. पोलिसांच्या संशयाला याहून चांगले उत्तर नाही, आणि आपल्या मनातल्या भीतीलाही नाही. मिरजेच्या शिकलगारांचा इतिहास या बाबतीत सांगण्यासारखा आहे. हत्यारांना धार लावणारी ही घराणी. हत्यारांचे दिवस संपले तेव्हा त्यांनी भोपळा, लाकूड आणि तार हाती घेतली आणि मिरजेची सतार व तंबोरा देशभर पोचवला. २०२४ मध्ये या दोन्ही वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. हात तेच. पोलादाची पारख करणारे कान सुराची पारख करू लागले.

सुरुवात 'तालीम' या शब्दाने केली, आता 'रियाज' हा शब्द घ्या. गवय्याच्या घरी रियाज म्हणजे रोज पहाटे तोच स्वर पुन्हा पुन्हा लावणे. सूफींच्या खानकाहत रियाजत म्हणजे नफ्सला वळण लावण्याची साधना. आणि आजच्या अरबीत 'रियाजा' म्हणजे चक्क खेळ, व्यायाम. गळा, आत्मा आणि शरीर या तिघांच्या मेहनतीला ज्या भाषेने एकच शब्द दिला, त्या भाषेचा आदर करणाऱ्या समाजात या तिघांची ताटातूट व्हावी, याचे आम्हाला नवल वाटते. रोज थोडे, न चुकता, हरत-सुधारत करत राहणे हा तिन्हींचा एकच नियम आहे. आतले बळ याच नियमाने येते. दुसरी कोणतीही वाट आम्हाला दिसलेली नाही.

आता मागण्या. शाळांच्या व्यवस्थापनांनी खेळ, चित्र आणि हस्तकला यांचे तास मार्चपर्यंत अबाधित ठेवावेत आणि पालकसभेत त्याचा हिशेब द्यावा. मुलींच्या खेळाची वेळ स्वतंत्र हवी असेल तर ठेवा, पण ती रोज असावी. वर्षातून एका स्नेहसंमेलनापुरती नको. पालकांनी मुलाला 'किती गुण मिळाले' याबरोबर 'आज काय खेळलास, काय बनवलेस' हेही विचारावे. आणि जागा नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही एक जागा दाखवतो. जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक ईदगाह आहे. मोकळे मैदान, भोवती भिंत, फाटक आणि फाटकाला कुलूप. वर्षातून दोन सकाळी तिथे नमाज होते. उरलेल्या ३६३ दिवशी तिथे गवत वाढते, कचरा पडतो, कडेने अतिक्रमण सरकत येते आणि मग आपण वक्फच्या जमिनी गेल्या म्हणून मोर्चे काढतो. ज्या मैदानावर रोज संध्याकाळी दोनशे मुले धावतात त्या मैदानावर टपरी टाकण्याची कुणाची छाती होत नाही. अदब राखण्याचा प्रश्न जरूर आहे. उलेमांबरोबर बसा, अटी ठरवा: चपला कुठे काढायच्या, मिहराबची बाजू कशी राखायची, अजान झाली की खेळ कसा थांबायचा, झाडलोट कोणी करायची. मुले हे सारे आनंदाने पाळतील. मैदानासाठी मुले काहीही पाळतात. खेळाने जागेचा मान जातो असे कुणाला वाटत असेल तर त्याने मदिनेच्या मस्जिदीतला तो ईदचा दिवस आठवावा.

ईदगाह कमिटीच्या सदर साहेबांना आमची एवढीच विनंती आहे: येत्या ईदची नमाज झाली, गळाभेटी झाल्या, दरी-चटया गुंडाळल्या की फाटकाला कुलूप लावू नका.